एका दिवसाचा खंड

आमच्या वरच्या मजल्यावर एक नर्सबाई आणि तिची म्हातारी आई किरायानं राहतात, आणि दर अकरा महिन्यांनी मी त्यांना एका दिवसासाठी घराबाहेर काढत असे. असं मी एकदा नाही, सहा वेळा केलं. आज हे कागदावर उतरवताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, कारण तेव्हा मी स्वतःला सावध माणूस समजत होतो.

मनीषनगरातलं हे घर मी निवृत्तीच्या दोन वर्षं आधी बांधलं. खाली आम्ही नवरा-बायको, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीचा तुकडा. मुलं परगावी गेली आणि वरचा मजला रिकामा पडला. बायको म्हणाली, "कोणाले तरी द्या किरायानं. वर माणसाचा पाय वाजला म्हणजे बरं वाटते." मी वर्षभर टाळाटाळ केली. त्याला कारण होतं.

इतवारीत, भांड्यांच्या बाजारामागे, माझ्या वडिलांच्या दोन खोल्या होत्या. त्यांनी त्या ओळखीतल्या एका माणसाला वर्षभरासाठी म्हणून दिल्या. तो माणूस त्या खोल्यांमध्ये म्हातारा झाला. वडील पिशवीत कागद भरून तारखेला जायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ती पायरी चढण्यात वडिलांच्या चपलांचे किती जोड झिजले असतील कोण जाणे. ते गेले तरी निकाल लागला नव्हता. शेवटच्या आजारपणात ते मला म्हणाले, "बाकी काही कर, पण घरात किरायदार घालू नको." दुधानं तोंड पोळलेल्या बापाचा मी मुलगा. ताक फुंकून पिणं मला वारशातच मिळालं.

शेवटी बायकोच्या हट्टापुढे माझं काही चाललं नाही. मे महिन्यात ही नर्सबाई घर बघायला आली. वय चाळिशीच्या आसपास, एका दवाखान्यात कंत्राटी नोकरी, नवरा नाही, मूल नाही, सोबत आई. आई वऱ्हाडातल्या खेड्यातली. जन्म शेतात गेलेला, पाठ वाकलेली, पण डोळे लख्ख. तिनं आमच्या अंगणातल्या कढीपत्त्याची दोन पानं खुडली, वास घेतला आणि लेकीला म्हणाली, "राहू वं इथं." घर अजून बघितलंही नव्हतं.

मी त्यांना घर दिलं, पण माझ्या अटीवर. ती अट मला कुठे सुचली ते सांगितलं पाहिजे, कारण ती माझ्यासारख्यालाच सुचू शकते. मी एका सरकारी कचेरीत आयुष्यभर आस्थापना शाखेचा कारकून होतो. हंगामी माणसं ठरावीक महिन्यांसाठी नेमायची, मुदत संपली की एक दिवस घरी बसवायचं, दुसऱ्या दिवशी नवा आदेश काढायचा. त्या एका दिवसाला आम्ही खंड म्हणायचो. खंड पडला की नोकरी सलग होत नाही, आणि सलग झाली नाही की माणूस कायम होण्याचा हक्क मागू शकत नाही, असं आम्हाला शिकवलेलं. एकदा आमच्याकडच्या एका कारकुनाकडून एक खंड द्यायचा राहिला. त्याला खुलासा मागणारं जे पत्र आलं, ते बघून आम्ही सगळे खंडाच्या तारखा लाल शाईनं लिहून ठेवायला लागलो. मग घराचा प्रश्न आला तेव्हा मला वाटलं, माणूस कायम होऊ नये म्हणून जे करतात, तेच किरायदार कायम होऊ नये म्हणून करायचं. कोणालाही विचारलं नाही. विचारायचं कशाला? तीस वर्षं दुसऱ्यांना खंड देणाऱ्या माणसाला खंड काय ते कोण शिकवणार!

तर अकरा महिने झाले की आमच्या घरी खंडाचा दिवस यायचा. सकाळी नर्सबाई गॅसची शेगडी, पाण्याची कळशी, देवाचा फोटो आणि दोघींच्या अंथरुणाची वळकटी खाली आणायची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं. मी वर जाऊन दाराला माझं कुलूप घालायचो आणि एका वहीत तारीख, वेळ लिहून "ताबा घेतला" असं नोंदवायचो. आत त्यांची कपाटं, पलंग, लोणच्याच्या बरण्या, सगळं तिथंच. दुसऱ्याच्या लोणच्यासकट मी माझ्या घराचा ताबा घ्यायचो. दिवस-रात्र दोघी आमच्या बैठकीत राहायच्या. दुसऱ्या दिवशी नवा मुद्रांक कागद, त्यावर नोटरीचा शिक्का, आणि किल्ली परत.

बायकोला हे सगळं आवडत नसे, पण तिनं त्या दिवसाचा सणच करून टाकला. त्या दिवशी ती हमखास गोळाभात करायची, डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला भात, वर हिंग-मोहरीचं गरम तेल. म्हातारी खाली बसून तिला भाजी निवडून द्यायची आणि दोघींच्या गप्पा दुपार उलटली तरी संपायच्या नाहीत. अकरा महिन्यांचा हिशेब असल्यामुळे हा सण दर वर्षी महिनाभर अलीकडे सरकायचा. पहिला एप्रिलमध्ये झाला, दुसरा मार्चमध्ये, मग फेब्रुवारीत. नर्सबाई एकदा कळशी उतरवताना हसत म्हणाली, "काका, नोकरीतही खंड, घरातही खंड. मी सलग कुठं आहे ते तरी सांगा." मीही हसलो. तिच्या दवाखान्यातही अकरा महिन्यांचेच आदेश निघायचे. तिच्या बोलण्यात बोच होती हे मला कळलं, पण मी ते कळू दिलं नाही.

दुसरा खंड टाळेबंदी लागल्या लागल्या आला. माझ्या त्या वेळच्या वागण्याचा मला आजही राग येतो. नर्सबाई रोज दवाखान्यात जात होती, आम्हाला काही व्हायला नको म्हणून आमच्याशी दुरूनच बोलायची. मी म्हणालो, नोटरी बंद आहे, तर साध्या कागदावर लिहू, पण खंड पाडावा लागेल. तिनं आईला आमच्या अंगणात बाजेवर बसवलं आणि स्वतः दिवसभर जिन्याच्या पायरीवर बसून राहिली, रात्री गच्चीवर झोपली. बायकोनं तिचं ताट पायरीवर ठेवलं आणि त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी वहीत नोंद केली. असा होतो मी.

सातवा खंड ऑक्टोबरात यायचा होता. सप्टेंबरात म्हातारी न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तिला घरी आणलं, पण डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने जिना नाही. पलंगावरून खुर्चीत बसवतानासुद्धा ती ओरडायची. ते ओरडणं खाली आम्हाला ऐकू यायचं आणि बायको हातातलं काम टाकून वर धावायची.

मी कॅलेंडरकडे बघत होतो. एकदा वाटायचं, या वेळी जाऊ दे. लगेच वडिलांची पिशवी डोळ्यापुढे यायची. सहा वेळा पाळलेला नियम सातव्यांदा मोडला की पुढचं सगळं सलग होईल, आणि सलग झालं की संपलं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. हे घर सोडून आमच्याकडे दुसरं काही नाही. मी तोंडानं काहीच बोललो नाही. बोललो असतो तर निदान भांडण तरी झालं असतं.

बोलली ती नर्सबाई. दोन दिवस आधी खाली आली आणि म्हणाली, "काका, परवा खंड आहे नं. गावाकडून माझे दोन चुलतभाऊ येऊन राहिले. आईले खुर्चीत बांधून उतरवून घेऊ. तुम्ही काळजी करू नका."

मी मान हलवली. मान हलवली म्हणजे हो म्हटलं. ती वर गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर अशी ओरडली नव्हती.

"काहून मान हलवली? हाड मोडलेल्या बाईले बांधून उतरवाल? तुमच्या अंगात काय शिरलं आहे?"

"घर जाईन आपलं," मी म्हणालो.

"कोण सांगते जाईन म्हणून? कोणत्या कायद्यात लिवलं आहे? आजवर कोण्या वकिलाले तरी विचारलं तुम्ही?"

खरंच, आजवर मी कोणालाही विचारलं नव्हतं. आमच्याच गल्लीच्या टोकाला एका तरुण वकीलबाईंची पाटी आहे. रोज दूध आणायला जाताना मी त्या पाटीखालून जातो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुसऱ्या दिवशी मी वही आणि पहिल्यापासूनचे सातही करारनामे घेऊन त्यांच्याकडे गेलो. माझ्या मुलीपेक्षाही लहान असतील. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कागद चाळले, मग वही उघडून बराच वेळ वाचत बसल्या.

"हा खंड कोणत्या कलमाखाली देता, काका?"

मी म्हणालो, "आमच्या कचेरीत..."

"कचेरीतलं सोडा. आणि त्या दिवशी त्यांचं सामान?"

"वरच असतं."

त्यांनी ओठ दाबला. हसू आवरत होत्या, पण बाई भल्या होत्या, हसल्या नाहीत. मग त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं समजावलं. माझ्या वडिलांनी खोल्या भाड्यानं दिल्या होत्या, जुन्या कायद्यात, आणि त्या कायद्यात भाडेकरूला काढणं फार अवघड होतं. आता लोक करतात तो लीव्ह अँड लायसन्सचा करार. त्यात मालक घर वापरायची फक्त परवानगी देतो, ठरलेल्या मुदतीपुरती. मुदत संपली की परवानगी संपली, मग माणूस तिथं एक वर्ष राहिलेला असो की दहा. त्याला उठवायला वेगळी, लवकरची वाट आहे. फक्त एक अट, करार नोंदवलेला हवा.

"टाळेबंदीतला एक सोडला तर सगळे नोंदवलेलेच आहेत," मी म्हणालो आणि शिक्के दाखवले.

"हा नोटरीचा शिक्का आहे, काका. ही नोंदणी नाही. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते, आता घरबसल्याही होते, आणि ती करून घेणं मालकाचं काम आहे. कायदा ती जबाबदारी तुमच्यावर टाकतो. नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटीवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते आधी खरं धरतात. ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं."

म्हणजे ज्या सात कागदांवर मी सहा वर्षं निर्धास्त झोपत होतो, त्यांनीच मला उघडं पाडलं होतं. वरच्या बाईनं मनात आणलं असतं, तर माझ्या वडिलांसारखी पिशवी घेऊन मीही फिरलो असतो. आणि तो खंड?

"खंडानं काहीच होत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "ना तुमचा फायदा, ना त्यांचं नुकसान. फक्त त्यांना त्रास झाला."

मी उठलो. दारापर्यंत गेल्यावर त्या म्हणाल्या, "किरायदार भली मिळाली तुम्हाला." मी त्यांच्याकडे न बघताच पायऱ्या उतरलो.

त्या संध्याकाळीच वर जाऊन सांगायला हवं होतं. पण सांगायचं काय, कसं, हे मला जुळवता आलं नाही. सकाळी सांगू असं म्हणून मी थांबलो. ती माझी शेवटची चूक, आणि सगळ्यांत मोठी.

कारण सकाळी आठला मी वर गेलो तेव्हा म्हातारी तयार होऊन बसली होती. धुतलेलं नऊवारी नेसवलेलं, केस विंचरलेले, हाताच्या खुर्चीत उशांमध्ये टेकून. कमरेभोवती आणि खुर्चीच्या पाठीभोवती जुन्या धोतराचे पट्टे बांधलेले. दोन चुलतभाऊ दोन बाजूंना उभे. म्हातारीचा चेहरा पांढरा पडला होता, वरच्या ओठावर घाम होता, आणि खुर्चीचे हात तिनं इतके घट्ट धरले होते की बोटांची पेरं वर आली होती. नर्सबाईनं सांगितलं, पलंगावरून खुर्चीत यायला त्यांना पाऊण तास लागला. ओरडणं बाहेर पडू नये म्हणून म्हातारी तोंडात पदराचा बोळा धरून होती. म्हणून त्या दिवशी आम्हाला खाली काही ऐकू आलं नव्हतं.

"या भाऊ," म्हातारी म्हणाली. "चला, नेसली मी."

मी खुर्चीसमोर आडवा उभा राहिलो. म्हणालो, "मावशी, नाही उतरायचं."

"आज नाही? मंग उद्या?"

"उद्याही नाही. कधीच नाही. मी वकिलाकडे जाऊन आलो. असा काही कायदाच नाही, मावशी. कधीच नव्हता. मी माझ्या मनानंच..."

मी वाट बघत होतो की आता नर्सबाई भडकेल. तिनं भडकायलाच हवं होतं. पण तिनं आईकडे बघितलं, आणि आईनं तिला डोळ्यांनी सांग म्हटलं.

"काका, आमाले माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्याच वर्षी मी आमच्या दवाखान्यात आलेल्या एका वकिलाले विचारलं होतं. ते तर हसाच लागले. म्हणाले, काही गरज नाही उतरायची, सांगून द्या त्याले. मी तापूनच घरी आली होती. तुमच्याशी भांडणार होती."

"मग?"

म्हातारी म्हणाली, "मीच म्हटलं, राहू दे वं. भेलेल्या माणसाले कायदा सांगून काही होत नसते. त्याले वाटन, हे कायदा शिकून आले, आता घर गिळतात. आणखीनच भेईन. आपण एक दिवस उतरलो तर त्याले अकरा महिने झोप येते नं? मंग उतराचं. एकच तर जिना आहे, भाऊ."

एकच तर जिना. मी त्या खोलीत, तिच्या दोन पुतण्यांसमोर, रडलो. सासष्ट वर्षांचा माणूस, तोंड झाकायचंही भान राहिलं नाही. माझ्या बापानंही माझी भीती एवढी सांभाळली नव्हती, उलट जाताना ती माझ्या हातात देऊन गेला. आणि ही परकी बाई, जिच्यापासून मी घर वाचवत होतो, ती सहा वर्षं माझी समजूत काढत जिना उतरत होती. आज तर मोडक्या हाडानिशी निघाली होती.

मग पट्टे सोडले. तिला परत पलंगावर न्यायचं होतं आणि ते मी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. नर्सबाईनं पाठीखाली हात कसा घालायचा, मोडलेला पाय कसा सरळ धरायचा ते दाखवलं. चुलतभावांनी खांदे धरले, मी पाय धरले. ती या वेळी ओरडली, आणि मी म्हणत राहिलो, "झालं मावशी, झालं, झालं." ओरडण्याचा आवाज ऐकून बायको वर आली. दारात उभं राहून तिनं हे सगळं बघितलं. नर्सबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी चहा टाकायला आत गेल्या.

पंधरा दिवसांनी आम्ही करार नोंदवला. वकीलबाईंनी मसुदा केला आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही माझ्याकडूनच भरून घेतली. ठसे घेणारा माणूस लॅपटॉप आणि ठशाचं यंत्र घेऊन घरी आला. मी म्हणालो, सगळं वरच करू, म्हातारीच्या पलंगाशेजारी. मी अंगठा लावला, नर्सबाईनं लावला, साक्षीदार म्हणून बायकोनं आणि शेजाऱ्यांनी लावला. म्हातारीचं त्यात नाव होतं ते फक्त सोबत राहणारी म्हणून. तिला वाईट वाटू नये म्हणून मी तिला सगळा करार पहिल्यापासून वाचून दाखवला. ती डोळे मिटून कीर्तन ऐकावं तशी ऐकत होती. मुदतीचं कलम आलं तेव्हा तिनं डोळे उघडले.

"साठ महिने म्हणजे किती वर्सं, भाऊ?"

"पाच."

"पाच!" ती हसली, आणि हसताना कमरेत कळ आली म्हणून थांबली. "बाप्पा! तवर मले राहा लागन का?"

मला त्या हसण्याची भीती वाटली. सहा वर्षं हे लोक जाणार नाहीत याची मी धास्ती घेतली होती, आणि आता ती जाईल याची घेत होतो. मी करार तिच्या डोळ्यांसमोर धरला आणि कचेरीतल्या आवाजात म्हणालो, "राहावंच लागेल, मावशी. नोंदणी झाली. आता मुदतीच्या आधी जाता येत नाही, कायदा आहे."

भाडेकायद्याबद्दल मी आयुष्यभर चुकीचं बोलत आलो होतो, पण समजून-उमजून खोटं बोलायची ही पहिलीच वेळ. म्हातारीला ते कळलं. तिला माझं सगळंच कळतं.

"कायदाच आहे म्हणता," ती म्हणाली, "तर राहीन बाप्पा." आणि माझा हात धरून तिनं पुन्हा डोळे मिटले.